मीटर बदला म्हणणाऱ्याला आधी विचारा, केबल फिरतीय का?

आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. सकाळी डेअरीपुढं उभ्या असलेल्या जुन्या गाड्या बघा. स्प्लेंडर, सीडी हंड्रेड, एखादी आरएक्स. काटा हलणारी गाडी शोधावी लागते. सगळे काटे शून्यावर झोपलेले.

याला दोघं जबाबदार आहेत. एक तो गॅरेजवाला, जो गाडीवरून खाली उतरायच्या आत सांगतो, "मीटर गेलाय, नवा टाका." दुसरे आपण, जे म्हणतो, "मीटर कशाला पाहिजे, गाडी पळतीय ना." मला दोघांशी भांडायचंय.

आधी गॅरेजवाला. पान पिवळं पडलं म्हणून दुकानात जावं आणि दुकानदारानं रोप उपटून मूळ न बघता बाटली हातात द्यावी, तसलाच हा प्रकार. मूळ सडलंय का, पाणी साचलंय का, अन्नद्रव्य कमी पडलंय का, कुणी बघायचं? जुन्या गाडीचा काटा वर हँडलवर दिसतो, पण त्याचं मूळ खाली पुढच्या चाकात आहे. चाकाच्या ब्रेक प्लेटमध्ये एक रिंग असते, तिचे दोन कान हबच्या खाचेत बसतात. चाक फिरलं की रिंग फिरते, रिंग एका बारक्या पिनियनला फिरवते, पिनियन केबलच्या आतली तार फिरवतं आणि ती तार मीटरमधलं लोहचुंबक फिरवते. चुंबकाच्या भोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, ती चुंबकाला चिकटलेली नसते, नुसत्या ओढीनं वळते. तिच्यावर काटा. काटा मागं आणायला केसासारखी बारीक स्प्रिंग. किलोमीटरचे आकडे मात्र त्याच दांड्यावरच्या दातऱ्यांनी फिरतात.

एवढं डोक्यात बसलं की अर्धं निदान गाडीवर बसल्या बसल्या होतं. काटा पण मेला आणि आकडे पण थांबले, तर दोष बहुतेक मीटरच्या खाली आहे, केबलमध्ये नाहीतर चाकात. आकडे पळतात पण काटा पडून आहे, किंवा काटा हलतो पण आकडे थांबलेत, तर केबल ठीक आहे, दोष मीटरच्या आत. काटा थरथरतो, वीस-चाळीस-वीस असा नाचतो, तर केबल कोरडी पडली असेल नाहीतर कुठंतरी मुडपली असेल. आणि गाडी उभी असताना काटा शून्यावर येतच नसेल तर स्प्रिंग गेली, नाहीतर कुणीतरी केबलमध्ये वरपर्यंत तेल ओतलंय आणि ते मीटरात चढलंय.

दोन्ही बंद असतील तर मीटरखालचं केबलचं नट सोडा. हातानं सुटतं, नाही सुटलं तर पकडीनं हलकंच. एकाला कॅरिअरवर बसवून डबल स्टँडवर पुढचं चाक उचला आणि हातानं फिरवा. माणूस नसला तर गाडी चार पावलं पुढं ढकला. वर केबलच्या तोंडात तार फिरतीय का बघा. फिरली तर मीटर दोषी, मग खुशाल बदला. नाही फिरली तर मीटरला हात लावायचं कारणच नाही. मग खालचं टोक सोडा, काही गाड्यांत एक स्क्रू असतो, काहींत नट. तार एका टोकाला बोटात धरून वळवा, दुसरं टोक वळलं नाही तर तुटलीय. वळली तर चाक खोलायचं.

पाच मिनिटांचं काम आहे हे. जो मेस्त्री एवढं न करता मीटरची किंमत सांगतो, त्याला मेस्त्री म्हणायचं का विक्रेता, तुम्हीच ठरवा. आमच्या तालुक्याला केबल शे-दीडशेत येते. मीटर त्याच्या कितीतरी पट. आणि दोष केबलमध्ये असताना नवा मीटर टाकला तरी काटा झोपलेलाच राहणार, मग तुमच्या डोळ्यांदेखत केबलही बदलली जाणार आणि दोन्हीचे पैसे लागणार.

एक गोष्ट कुणी विचारत नाही. काटा बंद पडायच्या आधी पुढच्या चाकाचा पंक्चर काढला होता का? चाक परत बसवताना रिंगचे कान खाचेत न बसवता एक्सेल आवळला की कान वाकतात नाहीतर तुटतात. पंक्चरवाला घाईत, आपण पण घाईत. दुसऱ्या दिवशी मीटर बंद.

आणि नवी केबल टाकली, महिन्यात तुटली, परत टाकली, परत तुटली, असं झालं तर केबलला नावं ठेवू नका. मीटरचा दांडा जाम असतो, किंवा केबलचा क्लिप तुटून ती शॉकॲब्सरपाशी आवळून वळलेली असते. वरून आपण हँडलला दुधाची किटली अडकवतो, ती केबल ओढते. वरचं कव्हर कापलं की चिखलपाणी आत आणि तार गंजते. नवी तार घालताना खालच्या भागाला पातळ हातानं ग्रीस लावा, वरची वीतभर तार कोरडी ठेवा.

काटा चालतो पण चुकीचा वाटतो, तर दहा किलोमीटरचे दगड मोजा आणि मोबाइलवर वेग बघा. अंतर बरोबर, काटा खोटा, तर मीटरच्या आतलं चुंबक किंवा स्प्रिंग. अंतर आणि काटा दोन्ही सारख्याच प्रमाणात खोटे, तर पुढचा टायर वेगळ्या मापाचा किंवा दुसऱ्याच गाडीचं पिनियन. काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवतो, तो दोष नाही, कंपन्याच तसं ठेवतात.

आता आपलं. मीटर कशाला पाहिजे म्हणणाऱ्यांनो, लिटरला गाडी किती देते हे कसं सांगता? कार्बोरेटर पेट्रोल पीत असला, क्लच घसरत असला, तरी कळणार कशावरून? डेअरीची रोजची चौदा अन् चौदा अठ्ठावीस किलोमीटरची फेरी धरली तर तीन महिन्यांत अडीच हजार होतात. ऑइल बदलायचं कधी? "काळं झालं की." ते तर आठ दिवसांत काळं दिसतं.

रात्रीचं सांगतो. ६० च्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, ४० नं ११. कारखाना चालू झाला की बिनलाल दिव्याच्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. पिवळ्या दिव्यात ट्रॉली तीस मीटरवर दिसली असं धरा, ६० ला दोन सेकंदही हातात नाहीत. इंजिनाच्या आवाजावरून वेग ओळखतो म्हणणाऱ्याचा सायलेन्सर फाटका असतो, हेही बघून ठेवलंय मी. आणि वेग दाखवणारं मीटर गाडीला असावं हे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या ११७ व्या नियमात आहेच.

सगळ्यात जास्त फसवणूक बाजारात होते. मीटर बदलला की आकडे शून्यापासून, किंवा मुद्दाम केबल सोडून गाडी वर्षभर पळवायची आणि "फक्त अठ्ठावीस हजार चाललीय" म्हणून विकायची. जुनी गाडी घेताना आकड्याआधी फूटरेस्टचं रबर, ब्रेकच्या पायट्यावरच्या रेघा आणि चावीचं भोक बघा. सगळं गुळगुळीत आणि आकडा कमी, तर तिथंच केबलचं नट हातानं हलवून बघा. सुटलेलं सापडलं तर निघून या.

तुमचाच मीटर खरंच गेला असला तर जुन्याचा शेवटचा आकडा तारखेसकट सर्व्हिसच्या पुस्तकात लिहा, पुढं नव्याचे आकडे त्यात मिळवत जा. आणि जुना मीटर गॅरेजवर सोडून येऊ नका, घरी आणा. आतल्या दातऱ्या दुसऱ्या मीटरला कामाला येतात.