दोनाचा घन

मेहकर तालुक्यांतील एका शिक्षिकाबाईंचें पत्र या महिन्यांत आलें. सहामाहीची गणिताची प्रश्नपत्रिका त्यांनीं संगणकावर मराठींत टंकलिखित केली व मजकूर निरोपाच्या रूपानें छापखान्याकडे धाडला. पहिलें उदाहरण होतें ‘दोनाचा घन अधिक पांच’. छापून आलें ‘२३ अधिक ५’! निम्म्या वर्गानें इमानेंइतबारें अठ्ठावीस लिहिलें, आणि उत्तरसूचींत तेरा असल्यामुळें त्या सर्वांस शून्य मिळालें. एक मुलगी त्या दिवशीं जेवली नाहीं. हें घडलें कसें आणि पुढें काय करावें, असें बाई विचारतात.

घडलें तें असें. संगणकाच्या पोटांत प्रत्येक अक्षरास व चिन्हास एक क्रमांक असतो. युनिकोड म्हणतात ती हीच वही. तींत गुणाकाराची फुली इंग्रजी एक्स या अक्षराहून वेगळी, वजाबाकीची रेघ जोडरेघेहून वेगळी. परंतु कळपाट आला टंकलेखन-यंत्रावरून. तेथें पत्रव्यवहाराची सोय पाहिली गेली, वर्गमुळाची कोण पाहणार? रोमन दोन व तीन हे अंक वर चढवलेल्या रूपांत वहींत स्वतंत्र नोंदलेले आहेत. देवनागरी अंकांस असे घातांक नाहींत. मौज अशी, कीं सामगायनाच्या स्वरांसाठीं अक्षराच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक २००९ सालीं तींत आले. शाळेंतल्या मुलांच्या वाट्यास मात्र कांहीं आलें नाहीं. म्हणून बाईंनीं ‘३’ केवळ सजावटीनें वर उचलला. निरोपांत सजावट गळाली, तीन खालीं उतरला आणि दोनाशेजारीं बसला.

आपल्याकडे ही अडचण जुनीच म्हणावयाची. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जळगांव जिल्ह्यांत, चाळीसगांवजवळच्या पाटणादेवी येथें, भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितांत अव्यक्तास ‘या’, त्याच्या वर्गास ‘याव’, निव्वळ संख्येस ‘रू’ असें लिहीत; हीं सारीं साधीं अक्षरें, आजच्या मराठी कळपाटावर विनासायास उमटतील. बरोबरीच्या दोन रेघा इंग्लंडांत रेकॉर्डनें छापल्या त्या १५५७ सालीं, आणि गुणाकाराची फुली ऑट्रेडनें १६३१ सालीं. परंतु ऋणसंख्या दाखविण्यास आपले पूर्वज अंकाच्या डोक्यावर एक बिंदु देत. लेखनिकाच्या हातून तो सुटला, कीं कर्जाचें धन झालें! बाईंच्या घनाची गत याहून निराळी नाहीं.

आतां उपाय. विंडोज संगणकावर कळपाट प्रथम इंग्रजीवर आणावा. मग आल्ट कळ दाबून धरून उजवीकडील अंकपट्टीवर ०१७८ टंकल्यास वर्ग, ०१७९ नें घन, ०२१५ नें गुणाकार आणि ०२४७ नें भागाकार उमटतो. वर्डमध्यें रोमन लिपींत २२१ए लिहून लगेच आल्ट व एक्स दाबावें, वर्गमूळ मिळतें. हे घातांक रोमन असल्यामुळें पायाही रोमन अंकांत लिहावा; देवनागरी दोनावर रोमन तीन म्हणजे धोतरावर टाय. देवनागरीच हवी असेल तर सरळ ‘२ चा घन’ असें शब्दांत लिहावें. मला स्वतःला हेंच अधिक आवडतें. अपूर्णांक व लांब समीकरणें असलीं तर मजकूर निरोपांत न चिकटवतां पीडीएफ करून पाठवावा, आणि छापण्यापूर्वीं दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर एकदां उघडून पाहावा.

राहिला गुणांचा प्रश्न. मुलांपुढें जो कागद ठेवला त्यावर तेवीस होते. तेवीस आणि पांच अठ्ठावीसच. उत्तरपत्रिका अद्याप शाळेंतच आहेत असें बाई लिहितात. अठ्ठावीस लिहिणाऱ्या प्रत्येकास पूर्ण गुण द्यावेत, आणि ज्यांनीं तेरा लिहिलें त्यांना तें कसें सुचलें, हें जरा कुतूहलानें विचारावें.