दोन सळ्या आणि आपली अक्कल

मंगळवारी पारावर फिल्टर मशीनवाला आला होता. एका ग्लासात आमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. दोन्हींत करंटच्या सळ्या सोडल्या. मिनिटात बोअरचं पाणी गंजासारखं तांबडं झालं, वर गाळ. मशीनचं जसंच्या तसं. "काका, हे तुमच्या पोटात जातंय!" लगेच तिघांनी नावं दिली, 16 हजारांना एक.

अरे, तो गाळ पाण्यातला नाही, सळीच्या लोखंडाचा आहे! पाण्यात क्षार असले की करंट वाहतो आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. मशीनच्या पाण्यात क्षारच नाहीत, तर करंट वाहणार कसा? मी घरातून चिमूटभर मीठ आणलं, त्याच्या 'शुद्ध' ग्लासात टाकलं, म्हटलं आता सोड सळ्या. तेही तांबडं झालं. गडी फोन कानाला लावून निघाला. नाव दिलेले तिघे माझ्यावरच रुसलेत, ते वेगळं.

पाणी जड आहे हे कोण नाकारतंय? डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर (तो लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं सुटतो). पण जड म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, विष नव्हे. भारतीय मानकात कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालतो. आमचं 430 आलं.

भ्यायचं ते फ्लोराइड आणि नायट्रेटला. ते त्याच्या पेनाएवढ्या टीडीएस मीटरवर वेगळं दिसतच नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडं काही गावांत फ्लोराइड आहे, तिथं मशीन घ्या, माझी ना नाही. नायट्रेट तर आपल्याच युरियातून खाली मुरतं. म्हणून आधी प्रयोगशाळेत पाणी तपासा. फवारणीच्या पाण्याचा सामू बघणारे आपण, पिण्याच्या पाण्याला मात्र सळ्यांवर भुलतो.

आणि हे मशीन एक लिटर देताना दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडतं. उन्हाळ्यात बोअर तासभर चालत नाही आणि ही चैन! मिठावर चालणारा सॉफ्टनर घ्याल तर त्याचं पाणी परसातल्या झाडांना घालू नका, सोडियमनं जमीन चोपण होते.

त्यापेक्षा डोक्यावरचा पत्रा बघा. हजार चौरस फुटांवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 9 हजार लिटरच्या वर पाणी. पिण्या-स्वयंपाकाला रोज 25 लिटर धरा, वर्ष निघत आलं. पहिला पाऊस वाहू द्या, जाळी लावा, झाकणबंद टाकीत भरा, पिताना उकळा. डाळ कशी शिजते ते घरातल्या बाईमाणसाला विचारा.

त्या सळ्या गडबडीत पारावरच राहिल्यात. ज्याला घरी करून बघायचंय त्यानं न्याव्या, मीठ आपलं आपण आणावं.