जीपची ट्रान्स्फर केस: मजबूत म्हणजे कोणती?

या सदरात आम्ही घरातल्या मोठ्या खर्चांविषयी लिहीत असतो. या महिन्यात जुन्या जीपच्या एका भागाविषयी लिहीत आहोत. ज्यांच्या दारात जीप नाही त्यांनीही वाचावे, कारण जुनी वस्तू घेणे आणि विकणे सगळ्यांच्याच घरात होते.

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला आणि तिथून मुरबाडला जाणारा रस्ता डांबरी आहे. पण त्या रस्त्यावरून आत शेतांकडे आणि पाड्यांकडे वळले की अनेक वाटा मातीच्याच आहेत, आणि पावसाळ्यात तिथे साधी गाडी चालत नाही. आमची जीप अब्बांनी घेतलेली. भाताची पोती, गवताच्या गठड्या, लावणीला येणाऱ्या बाया यांची ने-आण ती करते. रात्री-अपरात्री पाड्यावरून कुणी हाक मारली तर बाळंतिणीला शहापूरच्या दवाखान्यात पोहोचवण्याचे कामही तिचेच.

गेल्या पावसाळ्यात लावणी उरकून पाच बायांना घेऊन धाकटा भाऊ शेतातून वर येत होता. अर्ध्या चढावर ‘लो’चा दांडा आपोआप सुटून न्यूट्रलला आला आणि गाडी मागे सरकू लागली. त्याने ब्रेक दाबला, चाके चिखलात घसरत राहिली. हँडब्रेक ओढला, तो धरेना. शेवटी गाडी तिरकी करून बांधाला टेकवली. अल्हम्दुलिल्लाह, कुणाला खरचटलेही नाही. पण त्या रात्री घरात कुणाला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी खाली पडून पाहिले आणि दोन्ही दोष एकाच ठिकाणचे निघाले. ट्रान्स्फर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या पाठीला जोडलेली छोटी पेटी. गिअरबॉक्समधून आलेला जोर ती पुढच्या आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टला वाटून देते, आणि ‘लो’ टाकला की तो जोर जवळजवळ अडीचपट करते. आमच्यासारख्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो याच पेटीच्या मागच्या तोंडावर बसवलेल्या ड्रमवर असतो. मागचे ऑइल सील गळू लागले की तेल थेट त्या ड्रममध्ये उतरते. आमचे सील किती दिवस गळत होते, ते आम्हाला माहीत होते. जीपखाली तेलाचा डाग रोज दिसायचा, आणि ‘जुनी गाडी आहे, गळणारच’ म्हणून आम्ही त्यावर माती टाकायचो. ही चूक आमची होती.

आता नवी पेटी घ्यायची, तर कोणती? घरात दोन पक्ष पडले. भावाचे म्हणणे, नव्या गाडीची चेनवाली ट्रान्स्फर केस बसवू, एकदाच काय ते मजबूत काम होईल. मिस्त्रींचे म्हणणे वेगळे होते.

थोडा इतिहास सांगतो. १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेली कंपनी १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद, जे फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. या कंपनीने अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या परवान्याने मुंबईत जीप बनवायला घेतली. पुढे ‘सीजे ३बी’ ही जीप आपल्याकडे कितीतरी वर्षे बनत राहिली. तिच्यातल्या ट्रान्स्फर केसला ‘स्पायसर १८’ म्हणतात. सगळे काम दात्यांच्या गिअरवर, चेन नाही, आणि बाहेरची पेटी बिडाची.

या पेटीत मधल्या गिअरचा एक शाफ्ट असतो आणि सगळा भार त्याच्यावरून जातो. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये तो फक्त पाऊण इंच जाडीचा होता. नंतरच्या गाड्यांत तो आधी एक इंच आणि एक अष्टमांश झाला, मग सव्वा इंच. म्हणजे बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन पेट्यांत एक कमजोर आणि एक दणकट असू शकते. भार किती येतो तेही पाहा. तीन गिअरच्या मूळ सीजे ३बी मध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण २.८०, ‘लो’चे २.४६ आणि क्राऊन-पिनियनचे ५.३८. तिघांचा गुणाकार सुमारे ३७. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. आमच्या जीपचे मूळ पेट्रोल इंजिन काढून अब्बांनी आरसीवर नोंद करून डिझेल इंजिन बसवले होते. इंजिन बदलले, पण मागची पेटी आधीचीच राहिली.

भावाच्या चेनवाल्या पेटीत वाईट काही नाही. ती आवाज कमी करते आणि नव्या गाडीत उत्तम चालते. पण स्पायसर १८ चा मागचा शाफ्ट मधोमध निघत नाही, उजव्या बाजूने निघतो, म्हणून जुन्या जीपच्या मागच्या एक्सलचा गोळाही उजवीकडेच असतो. नव्या पेटीचा शाफ्ट मधून निघतो. मग मागचा एक्सल बदला, दोन्ही प्रोपेलर शाफ्टची लांबी बदला, चेसिसवर नवा आडवा बार लावा, आणि मागच्या तोंडावरचा हँडब्रेक गेला म्हणून त्याची दुसरी सोय करा. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. अपघात झाला आणि विमा कंपनीने हेच कारण पुढे केले, तर भरपाई कुणाकडे मागायची? आणि पेटी फार दणकट केली की तुटण्याची पाळी पुढच्या भागावर येते, आधी प्रोपेलरच्या क्रॉसवर आणि मग एक्सलवर.

म्हणून ठरले की त्याच जातीची, पण सव्वा इंच शाफ्टची, साबूत पेटी शोधायची आणि आतले बेअरिंग, वॉशर, सील सगळे नवे टाकायचे. खर्च भावाच्या बेताच्या अर्ध्याहून कमी होता.

मुंबईकडच्या एका भंगार बाजारात अशी पेटी मिळाली. दुकानदाराने ती काळ्या रंगाने चकचकीत केली होती आणि ‘मिलिटरीची आहे, डोळे मिटून न्या’ असे सांगितले. मिस्त्रींनी डोळे मिटले नाहीत. ते काय पाहत होते ते लिहून ठेवतो, वाचकांच्या उपयोगी पडेल. त्यांनी शाफ्ट हाताने हलवून पाहिला, त्यात वर-खाली खेळ असता कामा नये. खालचे झाकण उघडून दात्यांच्या कडा पाहिल्या. ‘लो’ सुटण्याचा रोग असेल तर त्या कडा गोल झालेल्या असतात. तळाच्या तेलात लोहचुंबक फिरवला. बारीक भुकटी चालते, कपच्या निघाल्या तर नको म्हणावे. मग शाफ्ट ज्या भोकात बसतो त्या भोकाभोवतीचा रंग चाकूने खरवडला. रंगाखाली लांबी भरलेली होती आणि लांबीखाली भेग. बिडाच्या पेटीला अशा जागी भेग असेल तर जोड टिकण्याची खात्री नाही. आम्ही पेटी तिथेच ठेवली. पुढे तीन ठिकाणी फिरल्यावर, रंग न मारलेली, गंजकी पण साबूत पेटी मिळाली.

पैगंबर मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, हा प्रसंग आपल्याला माहीत आहे. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले, आणि फसवणारा आपल्यातला नाही असे बजावले. फिकहमध्ये तर खरेदीनंतर आधीचा लपवलेला दोष सापडला की माल परत करण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे, त्याला खियारे ऐब म्हणतात. परतताना गाडीत आम्ही त्या दुकानदाराला नावे ठेवत होतो.

पण परीक्षा पुढेच होती. आमची जुनी पेटी अंगणात पडून होती. मुरबाडकडचे एक शेतकरी ती विकत घ्यायला आले. त्यांच्याकडेही तशीच जीप. भावाने आदल्या संध्याकाळी पेटी डिझेलने धुऊन चकाचक केली होती. तशी ती खरेच बरी दिसत होती. अम्मी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, “बाबा, त्यांना सांगितलेस का, बाया बसलेल्या असताना गाडी मागे गेली होती ते?”

भाऊ गप्प झाला. मग खडू आणून त्याने पेटीवर तीन ठिकाणी खुणा केल्या. शाफ्टचे भोक झिजलेले, ‘लो’च्या दात्याच्या कडा गेलेल्या, मागची सील बसण्याची जागा खराब. पाहुण्यांनी सगळे ऐकून घेतले. “मला आतले दोन गिअर हवेत, ते ठीक दिसतात. बाकी भंगाराच्या भावाने द्या,” म्हणाले. ठरवलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात सौदा झाला. चहा घेऊन ते पेटी घेऊन गेले.

आता जीपच्या बाबतीत तीन गोष्टी पाळतो. डांबरी रस्त्यावर फोर-बाय-फोर लावून चालवत नाही, कारण या जीपमध्ये पुढच्या-मागच्या चाकांतला फरक सोसणारी सोय मध्ये नसते आणि सगळा ताण पेटीवर येतो. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांचे तेल दर महिन्याला वेगवेगळे तपासतो. आणि अंगणात तेलाचा डाग दिसला तर त्यावर माती न टाकता त्याच दिवशी मिस्त्रींना फोन करतो.

आपल्याही घरात अशी एखादी जुनी वस्तू विकायला निघाली असेल, तर खडू हाताशी ठेवा. अल्लाह आपल्या सर्वांच्या कमाईत बरकत देवो. आमीन.