रुमालाखालची चर्चा



गावोगावच्या बैठकांत हल्ली एक गोष्ट वारंवार दिसू लागली आहे. बैठक कापसाच्या भावाची असते. पाच-दहा मिनिटे काट्याचे, कटतीचे, चुकाऱ्याचे बोलणे होते. मग एखादा तरुण उठतो आणि आदल्या रात्री टीव्हीवर ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवतो. त्याला उत्तर द्यायला दुसरा उठतो. त्याचे वाक्य दुसऱ्या चॅनेलचे असते. दोघांची वावरे बांधाला बांध लागून. दोघांच्या पऱ्हाटीवर एकच बोंडअळी. दोघांचा माल एकाच जिनिंगला जातो आणि एकाच भावाने जातो. पण त्या घटकेला ते शेजारी राहत नाहीत. एक या पक्षाचा वकील होतो, दुसरा त्या पक्षाचा. बैठक उठते तेव्हा दोघेही घसा बसेपर्यंत भांडलेले असतात आणि कापूस मात्र जागच्या जागी असतो.

टीव्ही कोणी काय बघावा हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण टीव्हीवरचे भांडण आपल्या बैठकीत येऊन बसले, की तो चळवळीचा प्रश्न होतो. म्हणून या अंकात त्यावर चार शब्द.

सौदा आधीच झालेला असतो

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना हत्त्याची पद्धत आठवत असेल. अडत्या आणि व्यापारी हातावर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवायचे. माल आपला, घाम आपला. पण भाव ठरताना आपण नुसते बघे. उघड लिलाव व्हावा, ही मागणी तिथूनच आली.

टीव्हीवरची चर्चा दिसायला अगदी उघड्यावरची असते. सहा-आठ चौकटींत सहा-आठ माणसे, आणि सगळ्यांचे आवाज टिपेला. पण खरा सौदा रुमालाखालीच होतो. प्रश्न कोणता घ्यायचा, कोणाला बोलवायचे, कोणाला किती मिनिटे द्यायची आणि कोणाचा माईक कधी बारीक करायचा, हे चर्चा सुरू होण्याआधी ठरलेले असते. पडद्यावर दिसतो तो फक्त पुकारा.

चॅनेल पक्षपाती आहे म्हणजे ते खोटे बोलते, असे आपण समजतो. खोटे बोलणे हा त्यातला लहान भाग आहे, आणि खोटे कधी ना कधी पकडले जाते. मोठा पक्षपात प्रश्नात असतो. ‘तू बैल चोरलेस ते कबूल करतोस की नाही?’ असा प्रश्न विचारला, की हो म्हटले तरी माणूस चोर आणि नाही म्हटले तरी चोर!

तीन कायदे आणि दोन खोकी

२०२० सालचे उदाहरण घ्या. सप्टेंबरमध्ये केंद्राने शेतीचे तीन कायदे केले. २६ नोव्हेंबर २०२० पासून पंजाब, हरियाणाचे शेतकरी दिल्लीच्या वेशीवर येऊन बसले. १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी कायदे मागे घेण्याची घोषणा केली आणि त्याच महिन्यात संसदेने ते रद्द केले. जवळजवळ वर्षभर हा विषय पडद्यावर होता. आता कोणीही छातीवर हात ठेवून सांगावे, की त्या कायद्यांत काय लिहिले होते ते टीव्ही बघून आपल्याला किती कळले?

नाशिवंत नसलेल्या शेतमालाचा भाव ५० टक्क्यांनी वाढला, की साठ्यावर मर्यादा घालण्याची मुभा सरकारने स्वतःकडे राखून ठेवली होती. व्यवहारात तंटा झाला, तर शेतकऱ्याने दिवाणी न्यायालयात न जाता उपविभागीय अधिकाऱ्याकडे जायचे होते. ही कलमे शेतकऱ्याच्या फायद्याची की तोट्याची? यावर रात्र रात्र चर्चा व्हायला हवी होती. कारण शेतकऱ्यांतही या कायद्यांवर एकमत नव्हते. बाजार मोकळा व्हावा म्हणून कायदे हवे असणारे होते, हमीभावाच्या हमीसाठी ते नको असणारे होते, आणि दुरुस्ती करून ठेवा म्हणणारेही होते.

पण पडद्यावर दोनच खोकी होती. काही चॅनेलांच्या लेखी वेशीवर बसलेला शेतकरी खलिस्तानी होता. त्यांच्या विरोधातल्या मंडळींच्या लेखी कायद्यात काही चांगले आहे म्हणणारा शेतकरी सरकारचा दलाल होता. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये, या आंदोलनावरच्या काही चित्रफिती काढून टाका, असे चॅनेलांच्याच तक्रार मंडळाने एका हिंदी वाहिनीला सांगितले. पण तोवर वर्ष उलटून गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने मार्च २०२१ मध्ये आपला अहवाल बंद लखोट्यात दिला. समितीतले महाराष्ट्राचे अनिल घनवट यांनी तो मार्च २०२२ मध्ये स्वतः जाहीर केला, तेव्हा कुठे तो लोकांसमोर आला. तो लखोटा फोडा, असा गदारोळ एकाही रात्री आमच्या तरी कानावर पडला नाही.

कापसाला पक्ष नसतो

आता आपल्या पांढऱ्या सोन्याचे बघा. मार्च २०१२ मध्ये केंद्राने कापसाची निर्यात बंद केली. तेव्हा दिल्लीत काँग्रेसच्या नेतृत्वाखालचे सरकार होते. एप्रिल २०२२ मध्ये कापसावरचे आयात शुल्क माफ झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये ११ टक्के आयात शुल्क पुन्हा माफ झाले, आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेर. म्हणजे नेमके आपल्या वेचणीच्या दिवसांत! या दोन्ही वेळी दिल्लीत भाजपच्या नेतृत्वाखालचे सरकार होते. एकाने बाहेर जाणारी वाट अडवली, दुसऱ्याने आत येणारी वाट मोकळी केली. दोन्हींचा दाब पडला तो आपल्याच भावावर.

एका पक्षाकडे झुकलेले चॅनेल तुम्हाला २०१२ ची आठवण देईल, दुसऱ्या पक्षाकडे झुकलेले २०२५ ची. दोन्ही खरेच सांगतील, आणि तरीही दोघे मिळून तुम्हाला फसवतील. कारण सरकार कोणतेही असो, गिरणीला आणि शहराला स्वस्त माल हवा असला की भार शेतकऱ्यावर, हे दोन्ही आठवणी शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. पक्षपाती बातमीचे खरे नुकसान हे आहे. ती अर्धीच जमाखर्चाची वही उघडते आणि तिलाच हिशेब म्हणते.

२०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३६९९ रुपये जाहीर झाला. तो आपल्यापैकी किती जणांना तोंडपाठ आहे? आणि रात्री नऊच्या निवेदकांची नावे किती जणांना?

गिऱ्हाईक कोण आणि माल कोण?

असे का होते? एखादा निवेदक वाईट माणूस आहे म्हणून नव्हे. धंद्याचा हिशेब तसा आहे. बातमीच्या चॅनेलचे पोट मुख्यतः जाहिरातीवर भरते. जाहिरात मिळते टीआरपीवर. आणि टीआरपी मोजला जातो देशातल्या पन्नास हजारांहून थोड्या अधिक घरांत बसवलेल्या यंत्रांवरून. टीव्ही असलेली घरे मात्र वीस कोटींच्या वर आहेत. त्यात सरकार स्वतःच मोठा जाहिरातदार. शिवाय मालक वेगळेच. २०१४ मध्ये एक मोठा वृत्तसमूह रिलायन्सच्या ताब्यात गेला, २०२२ च्या अखेरीस एनडीटीव्ही अदानींच्या. तामिळनाडूत तर पक्षांच्या आणि नेत्यांच्या घरच्याच वाहिन्या आहेत. अशा बाजारात आपण गिऱ्हाईक नाही. आपले डोळे हा माल आहे, आणि तो जाहिरातदाराला विकला जातो.

पण सगळा दोष मालकावर टाकून आपल्याला सुटता येणार नाही. अमेरिकेत काय घडले ते ऐका. तिथे १९४९ पासून रेडिओ-टीव्हीच्या परवानाधारकांना नियम होता, की वादाच्या प्रश्नावर विरुद्ध बाजूही दाखवली पाहिजे. १९८७ मध्ये तो नियम गेला. केबलवरच्या वाहिन्यांना तो तसाही बांधत नव्हता. १९९६ मध्ये फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी या दोन वाहिन्या सुरू झाल्या, आणि पुढे पहिली एका पक्षाच्या लोकांची झाली, दुसरी दुसऱ्या पक्षाच्या.

नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीच्या रात्री फॉक्सने सर्वांच्या आधी सांगितले, की ॲरिझोना राज्य बायडन यांनी जिंकले. ते खरेच ठरले. पण ट्रम्प यांना मानणारे प्रेक्षक संतापले आणि दुसऱ्या वाहिनीकडे जाऊ लागले. मग फॉक्सच्या पडद्यावर मतदान यंत्रांत घोटाळा झाल्याच्या गोष्टी झळकू लागल्या. यंत्रे बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने दावा लावला. त्या दाव्यात निवेदकांचे आपापसातले निरोप उघड झाले: पडद्यावर जे चालले होते, त्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता! एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजून तडजोड केली.

दुसरी बाजूही धुतल्या तांदळाची नाही. २०१६ मध्ये सीएनएनवर भाष्यकार म्हणून बसणाऱ्या बाईंनी कार्यक्रमातले प्रश्न हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारकांना आधीच कळवल्याचे उघड झाले आणि वाहिनीला त्यांच्याशी संबंध तोडावे लागले. याला म्हणतात रुमालाखालचा सौदा.

यातून शिकायचे एवढेच, की खरे बोलल्यावर गिऱ्हाईक तुटते हे वाहिनीने पाहिले आणि ती खोट्याकडे वळली. ते गिऱ्हाईक म्हणजे आपल्यासारखीच घरात बसलेली माणसे. आपल्याला जे गोड लागते ते विकायला ठेवणारा निघणारच. व्यापाऱ्याचा काटा आपण तपासतो. आपल्या कानाचा काटा कोण तपासणार?

मग करायचे काय?

काही कार्यकर्ते म्हणतात, सरकारने या वाहिन्यांना वेसण घालावी. आमचे स्पष्ट मत आहे, नको! आणीबाणीत आकाशवाणी आणि दूरदर्शन कोणाची भाषा बोलत होते ते आपण ऐकले आहे. वेसण सरकारच्या हातात दिली, की ती ओढली जाणार सरकारच्याच बाजूला. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यावर सरकारची मक्तेदारी नको, तशी पैशाचीही नको. उपाय आपल्याच हातात शोधला पाहिजे.

पहिली गोष्ट, चळवळीच्या कार्यकर्त्याला चॅनेलचे बोलावणे आले, तर तीन गोष्टी विचारल्याशिवाय जाऊ नये. प्रश्न कोणता? समोर कोण? बोलायला सलग किती मिनिटे? उत्तर मिळाले नाही, तर नम्रपणे नकार द्यावा. पडद्यावर चेहरा दिसला नाही म्हणून कोणाचे पीक बुडत नाही.

नकाराचीही ताकद असते. अमेरिकेत महिला मतदारांच्या एका संघटनेने १९७६, १९८० आणि १९८४ अशा तीन अध्यक्षीय निवडणुकांत उमेदवारांचे वादविवाद घडवून आणले. १९८८ मध्ये दोन्ही उमेदवारांच्या माणसांनी बंद दाराआड करार करून प्रश्न विचारणारे कोण आणि सभागृहात कोण, हेही ठरवायला घेतले. तेव्हा त्या बायांनी जाहीरपणे अंग काढून घेतले: मतदारांच्या फसवणुकीत आम्ही सामील होणार नाही! वादविवाद पुढेही होत राहिले, पण या संघटनेची अब्रू शाबूत राहिली.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. चर्चा आपणच भरवावी. निवडणूक आली, की तालुक्याच्या बाजार समितीच्या आवारात सर्व पक्षांच्या उमेदवारांना एका मांडवात बोलवावे. प्रश्न आपले: आयात शुल्क, वीज, पीकविमा, ज्वारीची खरेदी. प्रत्येकाला सारखी मिनिटे, समोर घड्याळ. जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवावी. टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत. उत्तरे लिहून घ्यावीत आणि वर्षाने त्याच आवारात पुन्हा वाचावीत.

तिसरी गोष्ट घरची. ज्या दिवशी आपल्या आवडीचे चॅनेल बघून मन अगदी तृप्त होईल, त्या दिवशी दुसऱ्या बाजूचे अर्धा तास बघावे. आणि बांधावरच्या शेजाऱ्याशी बोलताना आधी त्याच्या कापसाला काय भाव मिळाला ते विचारावे. पक्षाचे मागाहून बघू.

येत्या जिल्हा बैठकीत यावर ठराव मांडला जाणार आहे. प्रत्येक तालुक्याने आपल्या आवारातल्या मांडवाची तयारी ठरवूनच यावे. हत्त्याचा रुमाल आपण कधीकाळी उचलला होता. हा दुसरा रुमालही कोणी दुसरा येऊन उचलणार नाही.