कोठाराच्या किल्ल्या

इटलीतील मोंते कासिनो येथे सहाव्या शतकात बेनेडिक्ट या ख्रिस्ती साधूने मठ स्थापन केला आणि मठवासीयांसाठी लॅटिन भाषेत एक नियमावली लिहिली. तिची प्रकरणे 73. प्रार्थना, वाचन, श्रम, भोजन, निद्रा या सर्वांची व्यवस्था तीत लावून दिली आहे. व्यापारी कुटुंबांनी मात्र आधी वाचावे ते 31 वे प्रकरण. त्याचा विषय आहे मठाचा कोठारी. आपल्याकडे घरोघरी परिचित असलेले हे आडनाव ज्या कामावरून पडले, तेच हे काम.

कोठारी निवडताना बेनेडिक्ट हिशेबाच्या चातुर्याआधी स्वभाव पाहतो. तो समंजस असावा. खादाड, गर्विष्ठ वा दिरंगाई करणारा नसावा. कंजूष नको, तसा उधळ्याही नको. मठातील साधी भांडी व अवजारे त्याने वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणेच जपावीत.

वस्तूंविषयी एवढे सांगून झाल्यावर माणसांविषयी जे सांगितले आहे, ते अधिक अवघड आहे. कोणी अवाजवी मागणी केली तर कोठाऱ्याने नकार जरूर द्यावा, परंतु तुच्छतेने नव्हे. कारण सांगून, नम्रपणे. देण्याजोगे काही नसेल तर निदान गोड शब्द द्यावा. आणि जे ज्याचे ठरलेले आहे ते विलंब न करता, उपकाराचा आव न आणता हाती ठेवावे.

ज्याच्या हाती तिजोरी, त्याच्यापुढे घरातील प्रत्येकाला कधी ना कधी उभे राहावे लागते. एकत्र कुटुंबातील विधवा भावजयीला मुलांच्या फीसाठी तीन वेळा आठवण करावी लागते. पेढीवर लहान पुरवठादार बिलासाठी तासभर बसून ‘परवा या’ ऐकून परततो. पैसे अखेर दोघांनाही मिळतात, पण मागताना झालेला संकोच कोणत्याच खात्यात लिहिला जात नाही. बेनेडिक्टचा उपाय साधा आहे: देण्याघेण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, म्हणजे कोणाचे मन दुखावणार नाही. घरखर्चाची एक तारीख आणि बिलांचा एक वार ठरवून पाळला, तर मागण्याची वेळच येणार नाही.

नियमावलीतील सर्वच गोष्टी व्यापाऱ्याला पटतील असे नाही. 57 व्या प्रकरणात मठातील कारागिरांचा माल बाहेरच्यांपेक्षा थोडा स्वस्त विकावा, असे सांगितले आहे. किमतीत लोभ शिरू नये, हा हेतू उत्तमच. पण ज्याला संसार आणि दुकानाचे भाडे आहे अशा शेजारच्या विणकराने त्या भावाशी कसा टिकाव धरावा, हा प्रश्न उरतोच.

कोठाऱ्याच्या प्रकरणात आणखी एक तरतूद आहे, ती सहज नजरेतून सुटते. मठ मोठा असेल तर त्याला मदतनीस द्यावेत, म्हणजे तो शांत चित्ताने काम करील. आपल्याकडे किल्ल्या सांभाळणारे वडीलधारे तीस-तीस वर्षे एकटेच तो भार वाहतात आणि त्यांच्या बोलण्याला आलेली धार घरातील मंडळी स्वभावाची समजतात. पुष्कळदा तो नुसता थकवा असतो.