अपयश, नापास आणि जमिनीवर फुटलेले रॉकेट

१८ जून २०२५ च्या रात्री अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या दक्षिण टोकाला, स्पेसएक्स या खासगी कंपनीच्या ‘स्टारशिप’चा सुमारे ५२ मीटर उंचीचा वरचा टप्पा चाचणी-मंचावर उभ्या उभ्याच फुटला. तो उडाला नव्हता; त्या रात्री उडायचाही नव्हता. दहाव्या उड्डाणापूर्वी यान जमिनीला जखडून त्याची इंजिने एकदा पेटवून पाहायची, एवढाच बेत होता. आणि इंजिने पेटण्याआधीच सगळे आटोपले. कुणाला इजा झाली नाही. पुढचे दोन दिवस मराठी बातम्यांत आगीचा तो लोळ आम्ही पुन्हा पुन्हा पाहिला, आणि लोळाच्या जोडीने पुन्हा पुन्हा एक शब्द ऐकला : अपयश.

त्याच आठवड्यात नांदेडला एम. ए. मराठीच्या वर्गात आम्ही ही घटना तीन-चार वाक्यांत लिहायला दिली. विषय भाषेचा होता, विज्ञानाचा नव्हता. वृत्तलेखनाचा सराव म्हणून आम्ही तो दिला होता. बहुतेकांनी ‘रॉकेट अपयशी’ असे लिहिले, काहींनी ‘चिंधड्या’ उडवल्या, एकाने थेट ‘मस्कचे नाक कापले’ असे लिहून मोकळीक घेतली. लातूरकडून आलेल्या एका मुलीचे वाक्य मात्र निराळे होते : “यान उड्डाणाआधीच फुटले, त्यामुळे आता कंपनी रिपीटला बसणार.” वर्ग हसला. लातूर-नांदेडच्या वाचकास ‘रिपीटर’ म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी एवढेच, की वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा एकदा देऊन मनाजोगे गुण न मिळालेला, आणि वर्षभर शिकवणीत बसून पुन्हा तीच परीक्षा देणारा जो विद्यार्थी, तो रिपीटर. ही मुलगी स्वतः दोन वर्षे रिपीटर होती, हे आम्हांस नंतर कळले. मराठीकडे ती त्यानंतर आली.

तिच्या त्या वाक्यापाशी आम्ही थोडे अधिक रेंगाळणार आहोत.

‘यश’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ कीर्ती, नावलौकिक. त्यावरून ‘अपयश’ म्हणजे अपकीर्ती, बदनामी. आधुनिक मराठीने हा शब्द इंग्रजीतील एका सपाट, व्यवहारी शब्दासाठी वापरायला घेतला, तेव्हा मूळची बदनामी त्याच्या पोटात तशीच राहिली. इंग्रजी अभियंता जेव्हा एखादी तुळई ‘फेल’ झाली म्हणतो, तेव्हा तो तुळईला दोष देत नाही. ती अमुक भाराखाली वाकली किंवा मोडली, एवढेच नोंदवतो. आपल्या कारागिरांकडेही असे शब्द आहेत. मशीन ‘बिघडते’, मोटार ‘जळते’, झडप ‘निकामी होते’, आटे ‘मरतात’. या क्रियापदांत कुणाची अब्रू जात नाही. पण वृत्तपत्राची शिष्ट मराठी गॅरेजमध्ये उतरत नाही. ती ‘अपयश’ उचलते, आणि धातूच्या टाकीवर बदनामीचा शिक्का बसतो.

‘नापास’ची गोष्ट याहून बोलकी. फारसी ‘ना’ आणि इंग्रजी ‘पास’ यांचे हे जोडकाम आपल्या शाळांनी केले आणि ते इतके घट्ट बसले की आज कुणालाही ते परके वाटत नाही. या शब्दाचे एक व्याकरण आहे. पेपर नापास होत नाही, उत्तर नापास होत नाही. ‘तो’ नापास होतो, ‘ती’ नापास होते. कर्ता नेहमी माणूस, आणि तोही सबंध. त्यामागे फार जुनी सवय असावी असे आमचे मत आहे. मराठी अमदानीतील न्यायनिवाड्यांत ‘दिव्य’ होते : उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा हाताने काढायचा, हात शाबूत राहिला तर पक्ष खरा, पोळला तर खोटा. भाजलेला हात ही तिथे नुसती जखम उरत नसे, तो गुन्ह्याचा पुरावा होई. सोनाराच्या ‘कसोटी’त असे नसते. दगडावर रेघ ओढल्यावर कस कमी निघाला तर सोने दोषी ठरत नाही, त्याचा भाव तेवढा ठरतो. कुंभाराकडून मडके वाजवून घेणाऱ्या बाईच्या मनात तर मडक्याविषयी कोणताच राग नसतो. परीक्षेसाठी आपल्याजवळ दिव्यही होते, कसोटीही होती आणि मडके वाजवणेही होते. शाळेने नेमके दिव्य उचलले.

‘अपयश’ हा शब्द फार जड आहे, असे आम्ही म्हणत आहोत. पण याच घटनेची दुसरी, फार हलकी भाषाही आहे, आणि ती अधिक फसवी आहे. कंपनीने आपल्या निवेदनात स्फोटाला ‘मोठी विसंगती’ म्हटले. तिचे मालक इलॉन मस्क यांनी ‘नुसता ओरखडा’ अशा अर्थाचे तीन शब्द लिहून विषय उडवून लावला. २०२३ च्या एप्रिलमध्ये स्टारशिपचे पहिले उड्डाण चारेक मिनिटांत आकाशात उद्ध्वस्त झाले तेव्हा ‘शीघ्र अनियोजित विघटन’ असा, ऐकताच हसू यावे असा शब्दप्रयोग कंपनीने केला होता. विनोद चांगला आहे. पण तो करण्याची ऐपत कुणाची, हे पाहिले पाहिजे. २०२५ च्या स्फोटानंतर शेजारच्या मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्या हद्दीत आलेल्या अवशेषांविषयी आणि प्रदूषणाविषयी कायदेशीर पडताळणी करू असे जाहीर केले. त्या किनाऱ्यावरच्या माणसाला ‘ओरखडा’ हा शब्द कसा ऐकू आला असेल?

आपल्या सरकारलाही ही हलकी भाषा येते. महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाने दहावीच्या गुणपत्रिकेवरून ‘अनुत्तीर्ण’ काढून त्या जागी ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेरा आणला. हेतू दयाळू होता, हे आम्ही मान्य करतो. परंतु गावात निकाल सांगताना कुणी ‘पोरगं कौशल्य विकासास पात्र झालं’ असे म्हटल्याचे आम्ही अजून ऐकलेले नाही. शेरा बदलला, व्याकरण तेच राहिले.

थोडे विषयांतर. ‘रॉकेट’ला मराठीत ‘अग्निबाण’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, आणि अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांत तोफांच्या बरोबरीने येणारे ‘बाण’ हेही दारूचेच बाण होत. चेन्नईच्या अग्निकुल कॉसमॉस या खासगी कंपनीने आपल्या रॉकेटचे नावच ‘अग्निबाण’ ठेवल्यामुळे आमचे सामान्यनाम त्यांचे विशेषनाम झाले. या अग्निबाणाचे पहिले उड्डाण तांत्रिक कारणांनी चार वेळा थांबवून अखेर ३० मे २०२४ रोजी झाले. चार वेळा थांबणाऱ्या यंत्राला ‘रखडलेले’ म्हणायचे की ‘जपलेले’? आम्ही दुसरा शब्द घेऊ.

आता १९७९. त्या वर्षी ११ जुलैला अमेरिकेची स्कायलॅब कोसळली. ती आपल्याच डोक्यावर पडणार या भीतीने घालवलेले दिवस आमच्या आधीच्या पिढीला आजही आठवतात. त्यानंतर बरोबर तिसाव्या दिवशी, १० ऑगस्टला, श्रीहरिकोट्याहून निघालेले भारताचे एसएलव्ही-३ बंगालच्या उपसागरात पडले. प्रकल्पाचे प्रमुख होते अब्दुल कलाम. पत्रकारांसमोर मात्र इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन गेले आणि जबाबदारी त्यांनी आपल्याकडे घेतली. १८ जुलै १९८० रोजी तेच वाहन यशस्वी झाले तेव्हा त्यांनी पत्रकारांपुढे कलामांना पाठवले. ही गोष्ट कलामांनी आयुष्यभर सांगितली, आणि आपण ती नेतृत्वाचा धडा म्हणून इतकी घोटली की तिच्यातला दुसरा मुद्दा निसटला. तो असा, की पत्रकार परिषद झाली. जे पडले ते लोकांच्या पैशाचे होते आणि त्याविषयी लोकांना प्रश्न विचारता येत होते. त्या काळात विक्रम साराभाई अंतराळ केंद्राची धुरा वसंत गोवारीकर या मराठी शास्त्रज्ञाकडे होती. घन इंधनाच्या क्षेत्रात त्यांनी आयुष्य घातले. असे इंधन माणसाच्या हाती येते ते जमिनीवर जाळून, मोजून, फसून, पुन्हा जाळून. त्या जळण्याची मराठी कादंबरी आमच्या वाचनात नाही. मराठी विज्ञानकथेतले रॉकेट बहुधा उडतेच. चाचणी-मंचावर बसून राहणारे रॉकेट कथेच्या कामाचे नाही, असे आपण परस्पर ठरवून टाकले आहे.

खासगी कंपनीच्या चाचणीत तो पत्रकार परिषदेचा मुद्दा उरत नाही. चीनच्या हनान प्रांतात ३० जून २०२४ रोजी ‘तियानलाँग-३’ या खासगी रॉकेटचा पहिला टप्पा चाचणीसाठी मंचाला जखडलेला असताना जोडणी तुटून चक्क उडाला आणि सुमारे दीड किलोमीटरवरच्या डोंगरात पडून पेटला. जगाने तो पाहिला तो जवळच्या रहिवाशांच्या मोबाइलमधून. जे दडवता येत नाही तेवढेच बाहेर येते. आपल्याकडेही जमिनीवरच्या चाचण्या होतात, आणि त्या फार दूर नाहीत. हैदराबादच्या स्कायरूट या कंपनीने आपल्या घन इंधनाच्या मोटारी डिसेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा मे २०२२ मध्ये नागपुरात, सोलर समूहाच्या आवारात पेटवून पाहिल्या. चाचण्या यशस्वी झाल्या. त्यांची चित्रे प्रसिद्ध झाली. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांचे ‘विक्रम-एस’ श्रीहरिकोट्याहून उडाले. आनंद आम्हांलाही झाला. याच समूहाच्या बाजारगाव येथील स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी स्फोट होऊन ९ कामगार दगावले. त्यांत ६ स्त्रिया होत्या. त्या घटनेचा रॉकेटशी संबंध नाही, आणि तो जोडण्याचा आमचा हेतूही नाही. पण ‘विसंगती’ हा शब्द तिथे उच्चारून पाहावा. ज्या शब्दाने यान आणि माणूस यांतला फरक पुसला जातो, तो शब्द आम्ही मराठीत आणू देणार नाही. ‘अपयश’ आम्हांला नको आहे ते धातूवर लादलेली बदनामी म्हणून. याचा अर्थ जबाबदारीचा शब्दही नको, असा कुणी काढू नये.

आता स्टारशिप का फुटले ते पाहू, कारण आमच्या विद्यार्थिनीचे वाक्य इथे खरे ठरते. कंपनीने नंतर जाहीर केले त्यानुसार, यानाच्या नाकाडाकडील भागात उच्च दाबाचा नायट्रोजन साठवणारी एक टाकी फुटली. ही टाकी ज्या दाबाला आधी तपासून पसंत केली होती, त्याहून कमी दाबाला ती गेली. म्हणजे ती ‘पास’ झालेली होती. तिच्यात कुठेतरी, तपासणीत न दिसलेली किंवा पुरेशी न तपासलेली, इजा होती. १ सप्टेंबर २०१६ रोजी याच कंपनीचे फाल्कन-९ इंधन भरतानाच फुटले आणि त्यावरचा आमोस-६ हा इस्रायली उपग्रह जळाला. तेव्हाही दोष दाबाच्या टाकीतच, हेलियमच्या, निघाला होता. २०२५ मध्ये उपाय काय केले? तपासण्या वाढवल्या, टाक्यांना बाहेरून संरक्षक आवरण दिले, आणि टाक्यांतला दाब कमी केला. २६ ऑगस्ट २०२५ रोजी दुसरे यान उडाले आणि ठरल्याप्रमाणे हिंदी महासागरात उतरले.

दाब कमी केला. हे वाक्य आम्ही लातूरच्या ‘ट्यूशन एरिया’त उभे राहून वाचावे असे म्हणतो. नव्वदीच्या दशकात ‘लातूर पॅटर्न’ने मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या पोरांना डॉक्टर-इंजिनिअर केले, पुण्या-मुंबईला वाकुल्या दाखवण्याचा आनंद आमच्या भागाला दिला. त्याचे ऋण आम्ही नाकारत नाही. आमच्यापैकी काहींची घरे त्यावर उभी आहेत. पण रिपीटरची दुसरी खेप म्हणजे काय? तेच पुस्तक, तीच खोली, तेच मेस, आणि दाब वाढवलेला. कुठली इजा आधीच्या चाचणीत दिसली नव्हती, हे कुणी विचारत नाही. चौकातल्या फलकांवर पास झालेल्यांचे चेहरे असतात, नाव आणि गुणांसह, कंपनीच्या यशस्वी चाचणीच्या चित्रफितीसारखे. उरलेल्यांची संख्या फलकावर नसते. २०२४ साली ‘नीट’च्या गैरव्यवहाराचे धागे लातूरपर्यंत आले आणि इथल्या शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला, तेव्हा सगळे चकित झाल्याचे दाखवत होते. आम्ही झालो नाही. निकालानंतरच्या आठवड्यात आतल्या पानावर येणाऱ्या चार ओळींच्या बातम्या आपण सारेच वाचतो आणि पान उलटतो.

साहित्याचे शिक्षक म्हणून यात आमचे अंग आहेच. आम्ही खर्डा मागत नाही. निबंध एकदाच, स्वच्छ अक्षरात, खाडाखोड न करता लिहून आणायला सांगतो. प्रबंधातही फसलेल्या दिशेचे प्रकरण आले तर ते काढायला लावतो. विद्यार्थ्याचे लेखन जमिनीवर फुटलेले आम्हांला कधी दिसतच नाही. दिसते ते थेट परीक्षेच्या दिवशी.

त्या मुलीच्या वहीत ‘रिपीटला बसणार’खाली आम्ही सवयीने लाल रेघ ओढली होती, आणि समासात ‘बोलीभाषा, टाळावे’ असे लिहिले होते. दुसऱ्या दिवशी वही परत मागून आम्ही तो शेरा खोडला. रेघ मात्र शाईची होती, ती तशीच आहे.