अर्काची डबी आणि सावलीचा हक्क

गोरेपणाच्या मलमांविरुद्ध स्त्री-संघटना बरीच वर्षे बोलत आल्या. २०२० साली ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातला ‘फेअर’ गेला, ‘ग्लो’ आला. बाजार मात्र गप्प बसलेला नाही. आता तो उन्हाची भीती दाखवतो आणि हळद, आवळा, हिरवा चहा यांच्या अर्काची ‘अँटिऑक्सिडंट’ मलमे पुढे करतो. वनस्पतीचे नाव आले की आपलाही विश्वास चटकन बसतो. आजीच्या बटव्यातलेच ना ते! म्हणूनच त्यात खरे किती, हे समजून घ्यायला हवे.

उन्हातल्या अतिनील किरणांपैकी काही वरची त्वचा भाजतात, काही खोल शिरतात. त्यामुळे त्वचेत प्राणवायूचे अतिशय चंचल कण तयार होतात आणि ते पेशींना इजा करतात. या कणांना निष्प्रभ करणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. दिवसभर उन्हात उभ्या असणाऱ्या वनस्पती स्वतःच्या बचावासाठी असे पदार्थ बनवतात. तेव्हा हे निव्वळ थोतांड नाही. हिरव्या चहातले पॉलिफेनॉल आधी लावले, तर अतिनील किरणांनी येणारी लाली कमी होते, असे स्वयंसेवकांवरच्या छोट्या प्रयोगांत दिसले आहे.

पण हे अर्क किरण फारसे अडवत नाहीत. झालेली हानी थोडी कमी करतात. गळके घर पुसायला फडके लागतेच, पण फडक्याला कुणी छप्पर म्हणत नाही. ऊन अडवतात ते छत्री, डोक्यावरचा पदर, लांब बाह्या किंवा झिंक ऑक्साइडसारखे पदार्थ. हळदीतले कर्क्युमिन तर उजेडात स्वतःच टिकत नाही. आणि वनस्पतीचे ते सगळे निर्धोक, हाही गैरसमजच. लिंाचा रस त्वचेला लावून उन्हात गेल्यास फोड येऊन काळे डाग राहू शकतात.

मुळात ऊन लागते कुणाला? ऊस तोडणारीला, विटा वाहणारीला, रस्ता झाडणारीला, पाटी घेऊन भाजी विकणारीला. ज्या सावळ्या रंगावरून तिला हिणवले जाते, तोच रंग तिच्या त्वचेला थोडेफार राखतो. पण वांग, मोतीबिंदू यांचा धोका तिला आहेच, आणि उष्माघातावर कोणत्याही अर्काची मात्रा चालत नाही.

मैत्रिणींनो, आपले काही बचत गटही वनस्पतीजन्य प्रसाधने बनवतात. जरूर बनवावीत. मात्र विक्रीसाठी प्रसाधने बनवायला १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो. आणि चाचणी न करता ‘ऊन रोखते’ असे डबीवर लिहिणे म्हणजे आपल्याच बहिणीला फसवणे. उटणे उटणे म्हणूनच विकावे.

२००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी, विश्रांतीची वेळ, प्रथमोपचार पेटी आणि मुलांसाठी सावली यांची तरतूद केली. सावली लिहिली गेली ती मुलांपुरती. त्यांच्या आईला ती गृहीतच धरली नाही. आपली मागणी तिथूनच सुरू व्हावी: प्रत्येक कामावर बायांसाठीही सावली हवी, भर दुपारी काम बंद हवे आणि त्या वेळेची मजुरी कापली जाता कामा नये.